मी चालवताना लेक गाडीत झोपत नाही. मी वाईट ड्रायव्हर आहे का?

तिसरा_गिअर

प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं सांगावं लागेल. नाहीतर म्हणाल, घरी कोणी काही बोललं म्हणून हा इथे रडायला आला. तसंच आहे म्हणा.

मी १९ वर्षं गाडी चालवतोय. अपघात एकही नाही. जिथे लोक तीनदा पुढेमागे करतात तिथे मी एका दमात गाडी लावतो. रात्र असो, पाऊस असो, वळणावळणाचा रस्ता असो, मित्रांत लांबचा प्रवास ठरला की चावी माझ्याकडे येते.

गेल्या रविवारी आम्ही तिघं बाहेर गेलो होतो. जाताना बायकोने चालवली, येताना मी. लेक १४ वर्षांची, मागे बसलेली. घरी पोचल्यावर मी सहज म्हटलं, "जाताना डाराडूर झोपली होतीस, येताना टक्क जागी. झोप झाली वाटतं?" ती बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, तू चालवतोस तेव्हा मला झोप येत नाही. बघत राहावं लागतं."

ती चिडवत नव्हती. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं. बायकोकडे बघितलं तर ती पिशव्या उचलून आत निघून गेलेली. तिचं काही मत नसतं तेव्हा ती बोलते. मत असतं तेव्हा पिशव्या उचलते.

रात्री पडल्या पडल्या हिशोब मांडला. गाडीला तीन ओरखडे आहेत, तिन्ही मागच्या दारावर, एकाच बाजूला. बायको शेजारी बसली की तिचा हात दारावरच्या हँडलला असतो (मला वाटायचं सवय आहे). सासरे एकदा उतरताना म्हणाले होते, "तुमच्या गाडीचे ब्रेक फार चांगले आहेत हो." मी त्यांना गाडीची आणखी चार वैशिष्ट्यं सांगितली होती. ब्रेक पॅड दर वेळी मेकॅनिकने सांगितलेल्या मुदतीआधी संपतात, त्यासाठी मी पॅड बनवणाऱ्यांना शिव्या घालतो. फोन हातात घेत नाही, स्पीकरवर बोलतो. हॉर्न लोक मला देतात, मीही लोकांना देतो, तो हिशोब बरोबरीत धरा.

माझीही बाजू ऐका. माझे रिफ्लेक्स खरंच तेज आहेत. त्याच रविवारी पुढच्या गाडीने अचानक करकचून ब्रेक मारला आणि मी वेळेत थांबलो. दुसरा कोणी असता तर आदळला असता.

तर आपण वाईट चालवतो हे माणसाला स्वतःला कळायचा काही मार्ग आहे का? दुसऱ्याने सांगून कळतंच, ते मला रविवारी कळलं.

उगाच_हॉर्न

मागे बसणाऱ्याला भीती वाटतेच. त्याच्या हातात ना स्टिअरिंग ना ब्रेक. माझी आई माझ्या शेजारी बसली की नसलेला ब्रेक दाबत बसते, पायाखालची मॅट सरकते तिच्या. त्यात जाताना सकाळ, येताना संध्याकाळची गर्दी. पोरीचं एवढं मनावर घेऊ नका. १९ वर्षांत अपघात नाही, आणखी काय पुरावा हवा?

गप्प_बस

ब्रेक पॅड लवकर संपतात यातच उत्तर आलं. बाकी चालू द्या.

दुसरा_ब्रेक

मी २२ वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो, म्हणून हे नाव.

आधी उगाच_हॉर्न यांच्याबद्दल. मागे बसणाऱ्याला जास्त भीती वाटते हे खरं. पण इथे मुलगी तीच, सीट तीच, रस्ता तोच. बदलला तो ड्रायव्हर. गर्दीचं म्हणाल तर दादांनी आठवून बघावं, ही गोष्ट पहिल्यांदाच घडली का.

आता ती १९ वर्षं. तुम्ही चुकता, समोरचा जरा वेग कमी करतो, बाजूचा जरा सरकतो, मागचा हॉर्न देऊन मोकळा होतो. अपघात होत नाही. तुमच्या नावापुढे शून्यच राहतो. त्या शून्यात तुमची कमाई किती आणि आजूबाजूच्यांची किती, हे त्यावर लिहिलेलं नसतं. अपघात ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे, तिच्यावरून एका माणसाची परीक्षा होत नाही. दर मैलाला जे बारीकसारीक घडतं त्यावरून होते.

"वेळेत थांबलो" हे वाक्य मी रोज ऐकतो. शिकाऊ मुलगा करकचून ब्रेक मारतो आणि माझ्याकडे असा बघतो जणू आता मी त्याची पाठ थोपटणार. मी एवढंच विचारतो, पुढच्याने ब्रेक का मारला? तुम्हालाही तोच प्रश्न. रविवारी पुढच्या गाडीने ब्रेक का मारला ते सांगा. "अचानक" हा शब्द न वापरता सांगायचं. रस्त्यावर अचानक फार थोड्या गोष्टी होतात. बहुतेक गोष्टी चार-पाच सेकंद आधी दिसायला लागतात, पण आपण पुढच्या गाडीचा नंबर वाचत असतो.

नजर कुठे असते हाच सगळा खेळ आहे. १९७२ साली मोरंट आणि रॉकवेल या दोघांनी ड्रायव्हरांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. नवख्यांची नजर गाडीच्या जवळच्या रस्त्यावर खिळलेली, फिरायची कमी, आरशात जायची कमी. मुरलेल्यांची लांब आणि रुंद. आता माझ्या अनुभवातलं सांगतो. वर्षं सरली की नजर आपोआप लांब जातेच असं नाही. काही लोकांचे हातपाय मुरतात, नजर शिकाऊच राहते. मग ते तेज हातपाय आखूड नजरेचं कर्ज फेडत बसतात. बाहेरून हे फार कौशल्याचं दिसतं. आत बसलेल्याची मान मात्र दुखते.

स्वतःला तपासायचं तर उद्या निघाल्यावर तोंडाने बोलत चला. एकटे असताना, नाहीतर घरचे आणखी घाबरतील. पुढे काय दिसतंय आणि त्यातून काय होऊ शकतं, सगळं मोठ्याने. "उभ्या रिक्षाखाली पाय दिसतायत, कोणीतरी बाहेर येईल. तिसऱ्या गाडीचा ब्रेकलाइट लागला, आपल्यालाही थांबावं लागणार." पोलिसांच्या ड्रायव्हरांना शिकवताना ही पद्धत वापरतात. तुम्ही घडून गेल्यावर बोलताय की घडायच्या आधी, एवढं ऐका. पहिल्या दिवशी बहुतेकांची बोलती बंद होते.

दुसरं, अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की म्हणायला लागा, "एकशे एक, एकशे दोन." दोन्ही म्हणून होण्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तुमचे रिफ्लेक्स कितीही तेज असोत, दिसणं, कळणं आणि पाय हलणं यात साधारण एक सेकंद जातोच, म्हणजे ब्रेकला पाय लागेपर्यंत ते २२ मीटर संपलेले. ओल्यात दोन सेकंदांचे चार करा.

आणि वेगाचं एक गणित मी प्रत्येकाला घालतो. दोन सारख्या गाड्या, एक ५० ने, एक ७० ने. दोघांनी एकाच जागी सारखाच जोर लावून ब्रेक मारला. ५० वाली जिथे पूर्ण थांबली, तिथे ७० वालीचा वेग किती? सगळे म्हणतात २०. उत्तर ४९ च्या आसपास. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं ना. मी हे फळ्यावर मांडून दाखवतो तरी एखादा वर्गाबाहेर जाऊन मोबाइलवर ताळा करून येतो. येऊ दे.

ओरखड्यांचं सोपं आहे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून जातात. तिन्ही ओरखडे मागच्या दारावर म्हणजे तुम्ही स्टिअरिंग लवकर फिरवता. तुमच्यापासून लांबच्या बाजूला असतील तर पैज लावतो. अर्थात यावरून कोणी वाईट ड्रायव्हर ठरत नाही. तीनदा तेच झालं आणि तरी कारण शोधलं नाही, याची मात्र मी वहीत नोंद केली असती.

आकडेमोड

१९८१ साली ओला स्वेन्सन यांनी अमेरिका आणि स्वीडनमधल्या गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना, तुमच्या गटातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही कसे चालवता, असं विचारलं. कौशल्यात स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवणारे अमेरिकेत ९३ टक्के, स्वीडनमध्ये ६९. सुरक्षितपणात ८८ आणि ७७. वरच्या अर्ध्यात ५० टक्केच मावतात हे सांगायला नको. गट लहान होते, पण तेव्हापासून कुठेही विचारा, हीच तऱ्हा.

मला यात लबाडी दिसत नाही. प्रत्येक जण आपल्याला जे जमतं त्याला ड्रायव्हिंग म्हणतो. जपून चालवणारा जपण्याचे गुण देतो, दामटणारा हातसफाईचे. तुमचीच पोस्ट परत वाचा. पुरावा म्हणून पहिली गोष्ट कोणती दिलीत? पार्किंग.

जाता जाता, स्पीकरवर बोलता त्याबद्दल. २००१ मध्ये स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी संगणकावरच्या, गाडी चालवण्यासारख्या कामावर हे तपासलं होतं. फोन हातात असो वा नसो, बोलणाऱ्यांकडून सिग्नल सारखेच हुकत होते. हात मोकळे ठेवून काय करायचं, डोकं तिकडे असतं.

उजळणी

आमच्या घरातली अधिकृत वाईट ड्रायव्हर मी. भाऊ म्हणतो, नवरा म्हणतो, आता भाचासुद्धा. कारण मी वायपर लावायला जाते आणि इंडिकेटर लागतो. वळण चुकते. पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते विसरते, किल्लीचं बटण दाबत हिंडते. सिग्नल सुटल्यावर गाडी बंद पाडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मग एकदा मँचेस्टरच्या जेम्स रीझन आणि मंडळींचं १९९० चं काम वाचनात आलं. त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली आणि ड्रायव्हरांच्या कारभाराचे तीन ढीग केले. एक विसरभोळेपणा, म्हणजे माझा वायपर. दुसऱ्या ढिगात खऱ्या चुका, आरसा न बघता लेन बदलणं, पादचारी न दिसणं. तिसऱ्यात जाणूनबुजून केलेलं, म्हणजे वेग, पुढच्याच्या बंपरला चिकटणं, पिवळा दिसला की दामटणं. या प्रश्नावलीवर पुढे जो अभ्यास झाला त्यात अपघातांशी नातं निघालं ते मुख्यतः तिसऱ्या ढिगाचं. वायपरवाल्यांचं नव्हे.

भावाला दाखवलं. तो म्हणाला, "पण तुला वळण सापडत नाही हे खरं ना?" खरं आहे. मी पुढून वळून परत येते. तो तीन लेन आडव्या कापून तेच वळण पकडतो, आणि आमच्या घरी त्याला "हात साफ आहे" म्हणतात.

तिसरा_गिअर, राग मानू नका, पण तुमच्या यादीत पहिल्या ढिगातलं काहीच नाही. मला तेच खटकलं.

उभे_प्रवासी

बस चालवतो. माझ्याकडे रोज ४० परीक्षक असतात, त्यातले १५ उभे.

मी बिघडलोय हे मला मागच्या आवाजावरून कळतं. गाडी नीट चालली असली की गप्पा, फोन, कोणाचं हसणं. मी दोन-तीनदा कचकन ब्रेक मारले की मागचा आवाज बसतो. कोणी तक्रार करत नाही, फक्त सगळे एकदम गप्प होतात आणि दांडा धरतात. तुमची मुलगी तेच सांगतेय.

अजून एक. माणूस कायमचा चांगला किंवा कायमचा वाईट ड्रायव्हर नसतो. झोप झाली नसली की मी वेगळा ड्रायव्हर असतो आणि त्या ड्रायव्हरला मी माझी बस देणार नाही. २००० साली एक अभ्यास आला होता. १७ ते १९ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका, काही कामांत त्याहूनही मंद होतो. दारू प्यायलेल्याला निदान आपण प्यायलोय हे आठवतं. "गेलं वळण कधी गेलं?" असा प्रश्न मनात आला की मी तोच इशारा समजतो. काच खाली करून आणि गाणी मोठी लावून तो जात नाही, डोळा मिटल्याने जातो. बाजूला थांबून, अर्थात.

उगाच_हॉर्न

आमच्या मातोश्रींना हा धागा वाचून दाखवला ही चूक झाली. आता त्या म्हणतात मॅटचे पैसे तूच दे.

तिसरा_गिअर

१२ दिवस इथे आलो नाही. पहिले दोन दिवस तुम्हा सगळ्यांवर चिडण्यात गेले, विशेषतः दुसरा_ब्रेक यांच्यावर.

पुढच्याने ब्रेक का मारला? आठवेना. गाडी पांढरी होती, तिच्या मागच्या काचेवर एका कोपऱ्यात पिवळा स्टिकर होता, तो थोडा फाटलेला होता, एवढं सगळं आठवतंय. ब्रेक का मारला ते नाही. शेवटी बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, वरसुद्धा न बघता म्हणाली, "सायकलवर एक मुलगा होता ना, रस्ता ओलांडायला थांबलेला. बराच वेळ दिसत होता." तिला दिसत होता. शेजारच्या सीटवरून, हँडल धरून.

आणि हो, ही पहिली वेळ नव्हती. लेक लहान असतानाही माझ्या गाडीत झोपायची नाही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, हिला गाडीत खिडकीबाहेर बघायला आवडतं.

तर बोलत चालवून पाहिलं. पहिल्या दिवशी ऑफिसला जाताना मी एका बातमीदारासारखा होतो, सगळं घडून गेल्यावर सांगत होतो. "हा घुसला. हा थांबला. ही वळली." १८ किलोमीटरमध्ये १४ वेळा दचकलो, बोटांवर मोजले. दचकणं म्हणजे पाय ब्रेककडे जाणं, थांबणं नव्हे. आज ५ झाले.

अंतर मोजलं तेव्हा "एकशे ए" पर्यंत खांब आला. मला खरंच वाटत होतं की मी सुरक्षित अंतर ठेवतो. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं की मधे लोक घुसतात ही माझी जुनी तक्रार होती, म्हणून तीही मोजली. परवा ११ गाड्या घुसल्या. प्रत्येक घुसणाऱ्यामागे परत अंतर करायला २ सेकंद धरले तर झाले २२ सेकंद. एवढ्याचसाठी मी १९ वर्षं लोकांच्या डिकीत नाक खुपसून चालवत होतो. दर वेळी कोणी मधे आला की डोक्यात तिडीक जाते ती अजून जाते, ते काही गेलेलं नाही. काल एकाला तोंडातल्या तोंडात शिवी दिली आणि मग लक्षात आलं की मी मोठ्याने बोलत चालवतोय.

ओरखडे लांबच्याच बाजूला आहेत. पैज जिंकलात.

उजळणी, रागावलो होतो, आता नाही. बायको तुमच्या ढिगातली आहे. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायला जाते आणि बंद पाडते. माझं इथलं नाव तिला चिडवण्यासाठीच घेतलं होतं. बदलता येतं का बघतो.

लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी ती मागे होती. झोपली नाही. पण अर्ध्या रस्त्यात तिने दप्तरातून पुस्तक काढलं.

दुसरा_ब्रेक

पानं उलटत होती का?

तिसरा_गिअर

तेच आरशात बघत होतो, तेवढ्यात पुढच्याने ब्रेक मारला.

दुसरा_ब्रेक

का मारला?